पिवळ्याची वाटी

एकतीस वर्षं मी इंदूर रंगवलं.
भिंती नव्हे, नकाशा.
नगर नियोजनाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी टेबल,
टेबलावर चिनीमातीच्या वाट्या.
राहण्याला पिवळा, दुकानांना निळा,
कारखान्यांना जांभळा, शाळा-दवाखान्यांना लाल.
शेतीला रंग नव्हता.
कागद कोरा सोडायचा.
साहेब म्हणायचे, कोरं ठेवा, पुढं लागेल.

पिवळा नेहमी आधी संपायचा.

त्याला आमचं पठारही कारण आहे.
समुद्र नाही, थांब म्हणायला.
डोंगर आहे, पण पार दक्षिणेला, सिमरोलच्या पुढं,
तिथं पायरी चुकल्यासारखी जमीन नर्मदेकडे उतरते.
बाकी सगळीकडे काळी माती, सपाट,
पोळी लाटत जावं
आणि पोळपाटाला काठच नसावा तशी.

निपानिया पिवळं केलं.
पिपल्याहाना पिवळं केलं.
बिचोली हप्सी करताना ब्रश जरा जास्त ओला होता,
रंग ओघळून नाल्यात गेला.
टिपकागद लावला, तरी पुसट राहिलाच.
आता त्या नाल्यात चार मजले उभे आहेत.
माझा त्यात हात नाही, असं मी
निवृत्त झाल्यापासून रोज एकदा म्हणते.

परवा सिटी बसनं निघाले. काम नव्हतं, पास होता.
एबी रोडवर बसला पूर्वी स्वतःची वाट होती, कठड्यांमधली.
कठडे काढले. आता बसही
सगळ्यांसारखी उभी राहून हॉर्न वाजवते.
कंडक्टर मुलगी, पट्टीवर नाव शबिस्ता.
"कहाँ तक, आंटी?"
म्हटलं, जहाँ तक बस जाती है.
"बस तो जाती है," ती पैसे मोजता मोजता म्हणाली,
"लोग उसके आगे रहते हैं."

विजयनगरला, मेट्रोच्या खांबांखाली, एक बाई चढली.
चार घरची भांडी करून आलेली, बोटं पांढरी पडलेली.
धापूबाई.
पाचवी मुलगी झाली तेव्हा बापानं नाव ठेवलं धापू,
म्हणजे पोट भरलं, पुरे.
"म्हारा पाछे दो ओर हुई," ती म्हणाली
आणि खिडकीकडे तोंड करून हसत बसली.

सकाळी तिला वीस मिनिटं पायी,
मग मॅजिक, मग ही बस. संध्याकाळी तेच उलटं.
मी मनात हिशेब करत होते.
लोकमान्यनगरात माझ्या नळाला येणारं पाणी
सत्तर किलोमीटरांवरून येतं, अख्खा घाट चढून,
मोठाले पंप त्याला खालून ढकलतात.
पाणी पोचतं. एक दिवसाआड, पण पोचतं.

शेवटच्या स्टॉपला स्टॉप नव्हता.
एक कडुनिंब, त्याला खिळ्यानं ठोकलेली पाटी.
समोर सोयाबीन कापून झालेलं शेत,
शेतात चुन्याच्या पांढऱ्या रेषा,
रेषांच्या मधून बैलगाडीची जुनी चाकोरी,
आडवी, प्लॉट नंबर न बघता गेलेली.
तिच्यावरून माणसं चालत होती, डबे, पिशव्या, पाठीवर पोरं.
चालणाऱ्यांसाठी माझ्याकडे वाटी नव्हती.

"म्हारो घर वां," धापूबाईनं बोट दाखवलं,
बायपासच्या पलीकडे, पत्र्याची एक रांग.
मी चष्मा पुसून पाहिलं.
ईशान्य. म्हणजे कागदाचा उजवा वरचा कोपरा.
तिथं मी कधी काही रंगवलं नाही.
तिथं मी उत्तरेचा बाण काढायचे,
बारीक टाकानं, श्वास रोखून,
आणि बाणाखाली माझी आद्याक्षरं.

"चा पी ने जाजो, बई."

शबिस्तानं शिट्टी वाजवली. शेवटची फेरी होती.
मी एक पाय पायरीवर ठेवून
तो बाण नक्की कुणाच्या घरात टोचत होता
ते बघत राहिले.